'अज्ञात' चित्रकाराची सही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या कालच्या रविवार पुरवणीत युरोपातील मध्ययुगीन चित्रकलेवरील लेख वाचला. त्या काळच्या चित्रकारांना चित्र काढता येत नव्हते, त्यांचे प्रमाण चुकायचे आणि चर्चने त्यांना नुसते राबवून घेतले, असा हजार वर्षांच्या कलेचा निकाल लेखकमहाशयांनी दोन रकान्यांत लावला, याबद्दल त्यांचे कौतुकच करायला हवे. त्यांची मते त्यांना लखलाभ. पण सोबतच्या चित्राखाली 'अज्ञात चित्रकार' असे जे छापले आहे, ते मुकाट्याने सोडवत नाही.

ते चित्र म्हणजे इटलीतल्या सिएना शहराच्या कॅथेड्रलच्या (मुख्य चर्चच्या) मुख्य वेदीसाठी तिथल्याच दुच्चो या चित्रकाराने रंगवलेली 'माएस्ता', म्हणजे सिंहासनावर बसलेली, बाळ येशूला घेतलेली मेरी. सिएनाला शांती लाभो आणि तुला असे रंगवणाऱ्या दुच्चोला आयुष्य लाभो, अशी मेरीला केलेली प्रार्थना तिच्या सिंहासनाच्या पायथ्याशी लॅटिनमध्ये, चित्रकाराच्या नावासकट लिहिलेली आहे. आपल्या पानावर नेमका तोच भाग कापला गेला आहे. आधी सही छाटायची आणि मग चित्रकाराला अज्ञात ठरवायचे, हा न्याय अजब आहे.

ती अक्षरे मी स्वतः पाहिली आहेत. बारा वर्षांपूर्वी एका सहल कंपनीबरोबर आम्ही उभयता इटलीला गेलो होतो. सिएनात जेवण आणि खरेदी धरून जेमतेम दीड तास मिळाला. हे चित्र आता ज्या संग्रहालयात आहे त्याचे विचारताच, "काका, आत सगळी देवाधर्माचीच चित्रं, एक पाहिलं की सगळी पाहिली," असे सहल कंपनीच्या माणसाकडून उत्तर आले. आम्ही जेवणावर पाणी सोडून आत गेलो. जवळ उभे राहिल्यावर प्रभावळींच्या सोन्यात कोरलेली बारीक नक्षी दिसली, आणि चेहऱ्यांच्या गुलाबी छटेखालून डोकावणारा, त्वचेसाठी मुद्दाम आधी दिलेला मातकट हिरवा थरही दिसला. हे ज्याला साधते त्याला चित्र काढता येत नव्हते, असे मी तरी, तीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवून, म्हणू धजणार नाही.

राहिला प्रमाणाचा मुद्दा. याच वेदीचित्राच्या एका फळीवर, जी आता न्यूयॉर्कच्या फ्रिक संग्रहात आहे, ख्रिस्त डोंगरावर उभा आहे आणि खालची शहरे खेळण्यांएवढी आहेत. अजिंठ्याच्या 17 क्रमांकाच्या लेण्यात यशोधरा आणि राहुलसमोर बुद्ध असाच प्रचंड रंगवला आहे. तिथे प्रमाण चुकले, असे आपले लेखक लिहितील का?

चर्चने राबवून घेतल्याचे म्हणाल, तर 1308 च्या करारात दुच्चोला कामाच्या दर दिवसाला 16 सोल्दी (तेव्हाची नाणी) ठरले होते, आणि 9 जून 1311 रोजी दुकाने बंद ठेवून, घंटा वाजवत, हाती मेणबत्त्या घेऊन सिएनाकरांनी हे चित्र मिरवत कॅथेड्रलमध्ये नेले. वेठबिगाराच्या कामाची मिरवणूक निघत नाही.

1771 मध्ये याच चित्रावर करवत चालली, पण ती निदान दोन वेद्यांवर त्याचे भाग मांडण्यासाठी. आपली कात्री शेजारच्या साड्यांच्या अर्ध्या पानाच्या जाहिरातीसाठी चालली असावी. पुरवणीत वाचायचा मजकूर हल्ली जाहिरातींच्या फटींतून शोधावा लागतो, हेही या निमित्ताने कळवतो. चूक दुरुस्त करणार असाल तर चित्र पूर्ण छापावे, आणि जागा अपुरी पडल्यास या खेपेस साडीचा पदर कापावा.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक, पुणे