सेनापतिपद आणि दाभाड्यांचे घर

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील मराठा दरबारावरच्या लेखात, या दरबारात बढती जन्मावरच ठरत असे, असे सरसकट विधान आहे. उत्तर पेशवाईला ते बरेचसे लागू पडते. मात्र शिवकाळालाही तेच माप लावले, तर मधल्या काळात काय बदलले, हा प्रश्नच उरत नाही.

सेनापतिपदाचेच उदाहरण घेऊ. नेताजी पालकर, प्रतापराव गुजर आणि हंबीरराव मोहिते हे एकामागून एक आलेले तिघेही वेगवेगळ्या घराण्यांतले होते. पन्हाळ्यावर वेळेत न पोहोचल्यामुळे नेताजींचे पद गेले. प्रतापराव फेब्रुवारी १६७४ मध्ये नेसरीला पडले आणि ६ जूनच्या राज्याभिषेकात दुधाने भरलेला रुप्याचा कलश हाती घेऊन सेनापती म्हणून उभे राहिले ते हंबीरराव. (ते सोयराबाईंचे बंधू होते, म्हणजे नातेगोते अगदीच गैरलागू नव्हते, पण १६८० मध्ये त्यांनी भाच्याची, म्हणजे राजारामांची नव्हे, संभाजीराजांची बाजू घेतली, हेही विसरू नये.) उलट शाहू महाराजांच्या काळात हेच पद खंडेराव दाभाड्यांकडून पुत्र त्रिंबकरावांकडे गेले आणि ते १७३१ मध्ये डभईच्या लढाईत मारले गेल्यावर वस्त्रे मिळाली त्यांचे धाकटे बंधू यशवंतराव यांना. कारभार पाहिला मातोश्री उमाबाईंनी, आणि गुजरातेत प्रत्यक्ष जोर वाढला तो दाभाड्यांच्या हाताखालच्या गायकवाडांचा.

याचे मूळ माझ्या मते पगाराच्या पद्धतीत आहे. शिवाजी महाराजांचा कटाक्ष रोख वेतनावर होता, त्यामुळे माणूस बदलला की पद मोकळे होई. तेव्हाही मोरोपंतांच्या मागे पुत्र निळोपंत पेशवे झालेच, पण तो हक्क नव्हता. पुढे राजाराम महाराज दक्षिणेतल्या जिंजीच्या किल्ल्यातून राज्य चालवत होते, त्या काळात खजिना रिकामा होता, औरंगजेब सरदारांना आमिषे दाखवत होता, आणि त्यांना धरून ठेवण्यासाठी राजाराम महाराजांना वतने व सरंजाम (फौजेच्या खर्चासाठी तोडून दिलेला मुलूख) देण्यावाचून गत्यंतर नव्हते. जमीन एकदा घरात आली की तिच्यासोबत पदही घरातच राहू लागले. वतनदारांना राज्याचे दायाद, म्हणजे वाटेकरी, म्हणणाऱ्या रामचंद्रपंत अमात्यांचे स्वतःचे घराणेही बावड्याचे जहागीरदार झाले. सचिवपदाचे घराणे भोरला आणि प्रतिनिधिपदाचे औंधला संस्थानिक होऊन १९४८ पर्यंत टिकले.

साताऱ्याच्या जुन्या पदांना अशी कुलपे लागल्यावर कर्तबगार माणसांनी वेगळी वाट धरली. राणोजी शिंदे आणि मल्हारराव होळकर अष्टप्रधानांत कधीच नव्हते. ते वर आले बाजीरावांच्या स्वाऱ्यांमधून, आणि पुढे त्यांचेही सरंजाम वंशपरंपरेने चालले. बाजीरावांचे वडील बाळाजी विश्वनाथ कारकुनीतून चढत १७१३ मध्ये पेशवे झाले होते. त्याच घराण्यात १७७४ साली पुरंदरावर साताऱ्याहून पेशवेपदाची वस्त्रे आली, ती सवाई माधवरावांसाठी, आणि तेव्हा त्यांचे वय होते चाळीस दिवस. लेखातील विधान एवढ्या प्रसंगापुरते असते, तर हे पत्र लिहिण्याची वेळ आली नसती.

आपला,
एक नियमित वाचक