जावईभाऊ, तुम्ही मला खुर्चीवरून उठवलं नाही

जावईभाऊ,

तुमचं नाव लिहीत नाही. लिहिलेलं तुम्हाला आवडायचं नाही, हे त्या एका दुपारीच कळलं होतं. दिवाळीला आमच्या गावात जावई पुष्कळ आले होते, पण सोयाबीनच्या कट्ट्यावर, म्हणजे भरल्या पोत्यावर, दीड तास बसून राहिलेले तुम्ही एकटेच. ज्याला ओळखायचं तो ओळखेल.

वाचणाऱ्यांसाठी आधी थोडं सांगते. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावात मी आपले सरकार सेवा केंद्र चालवते. लोक त्याला सेतूच म्हणतात आणि मला सेतूवाली ताई. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, केवायसी, सगळं एकाच संगणकावर. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, नेहमीचे सुरक्षा अपडेट बंद झाले. माझ्या मशीनमधून अख्ख्या गावाचे आधार नंबर आणि पासबुकं जातात. म्हणून १६ तारखेच्या रात्री मी विंडोज ११ टाकलं. सकाळी चालू केलं तर मॉनिटर काळा, आणि त्यावर ‘नो सिग्नल’ची पट्टी फिरत होती.

“कोणी सांगितलं होतं अपग्रेड कराले?” पुढचे आठ दिवस हे मला ज्यानं त्यानं ऐकवलं. कोणी सांगितलं नव्हतं. लोक माझ्या भरवशावर कागद देतात, म्हणून केलं. आजही तसंच करीन.

वेळ मात्र फार वाईट होती. सप्टेंबरच्या पावसानं सोयाबीन उभ्या जागी काळं पडलेलं. मदतीचे पैसे यायचे तर काहींची केवायसी राहिलेली. सीसीआयला, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाला, कापूस द्यायचा तर २०२५ च्या हंगामात कपास किसान ॲपवर नोंदणी पाहिजे होती. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव तेव्हा क्विंटलला ८,११० रुपये होता, पण तो नोंदणीवाल्यालाच. फोनवरून जमेल तेवढं मी करत होते. पण सहा वर्षांचे स्कॅन केलेले कागद मशीनमध्ये आणि अंगठ्याचं यंत्रही मशीनलाच जोडलेलं. वरच्या आळीतली एक आजी प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन तीनदा आली, तीनदा पायरीवर बसून परत गेली. एका शब्दानं बोलली नाही. ते जास्त लागलं.

आमच्या यांनी सीपीयू गोधडीत गुंडाळून मोटरसायकलवर तालुक्याला नेला, मी मागं बसून तो धरला. पहिल्या दुकानात केबल बदलून दिली आणि पैसे घेतले. घरी आल्यावर काळं ते काळंच. दुसऱ्या दिवशी दुसरं दुकान. त्यांना मी सांगत होते की चालू केल्याबरोबर कंपनीचं चिन्ह दिसते, गोल फिरते, मग काळं होते आणि थोड्या वेळानं विंडोज सुरू झाल्याचा आवाज येते. त्यानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. यांच्याकडं पाहून म्हणाला, “वहिनीले समजावून सांगा, स्क्रीनच नाही तर विंडोज कुठून सुरू होईन? फॉर्मॅट मारा लागते.” मी आठ वर्षं हे केंद्र चालवते. त्या दिवशी काउंटरसमोर उभी राहून मलाच वाटायला लागलं की आवाजाचा मला भास झाला असेल.

फॉर्मॅटला मी नाही म्हटलं, सीपीयू परत आणला.

आणि २४ तारखेला, भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी, तुम्ही सासऱ्याची केवायसी करायला आलात. शटर अर्धं खाली पाहून वाकून आत आलात. “काय झालं ताई?” तोच पाढा मी पुन्हा म्हटला. तुम्ही मध्ये एकदाही बोलला नाहीत. माझं संपल्यावर म्हणालात, “तुम्ही म्हणता आवाज येते, म्हणजे येते. मशीन जिवंत हाय. चिन्ह दिसते म्हणजे मॉनिटर अन् केबलही चांगली. चित्र तेवढं रस्त्यात अडकलं.”

मी सवयीनं खुर्चीवरून उठले. संगणकवाला आला की पहिलं वाक्य “सरका” हेच असते. मग तो बसतो, आपण त्याच्या पाठीमागं उभं राहायचं, त्याची बोटं भराभर चालतात आणि शेवटी “झालं” म्हणून बिल देतो.

तुम्ही म्हणालात, “उठता काहून? बसा. मशीन तुमची हाय.”

आणि कोपऱ्यातला सोयाबीनचा कट्टा ओढून त्यावर बसलात. नवीन पँट होती तुमची, दिवाळीची. कट्ट्याची धूळ तिच्यावर उठली ती मला दिसली. तुम्ही ती झटकली नाही. हात गुडघ्यांवर ठेवले आणि तोंडानं सांगत गेलात. बंद करा, थांबा, आता चालू करा, आता पुन्हा. माझं बोट चुकलं तेव्हा तुमचा हात उचलला गेला आणि तुम्हीच तो पुन्हा खाली ठेवला. एवढंच. पण भाऊ, आठ दिवसांत गेलेलं माझं सगळं त्या हात मागं घेण्यानं परत आलं.

काय काय केलं ते इथं सांगत बसत नाही. सेफ मोडमध्ये, म्हणजे अगदी गरजेपुरत्या गोष्टींवर, मशीन उघडली आणि ढोबळ, मोठमोठी अक्षरं दिसली, तेव्हा मी यांना हाक मारली ती अर्ध्या आळीनं ऐकली असेल. दोष इतकाच निघाला की पडद्यावर चित्र पाठवणारा ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम आणि नवी विंडोज यांचं जुळत नव्हतं. तो काढला, जुळणारा टाकला. तुम्ही हेही सांगितलं की हे नसतं जमलं तरी दहा दिवसांच्या आत जुन्या विंडोजवर परत जाता येते, फायली जागेवरच राहतात, आणि आपला आठवाच दिवस आहे. मग फॉर्मॅट मारा म्हणणाऱ्याला हे माहीत नव्हतं की सांगायचं नव्हतं? माहीत नसेल तर माझी तक्रार नाही, सगळ्यांना सगळं येत नाही. पण समोरची बाई काय म्हणते ते ऐकून घ्यायला कोणतं शिक्षण लागते?

आमच्या भागात बँकेत, तहसीलमध्ये, दवाखान्यात माणूस आपलं दुखणं अर्धंच सांगतो, कारण पुरतं ऐकणारा भेटेल याची त्याला आशा नसते. माझ्याही खिडकीवर लोक तसेच अर्धं बोलून थांबतात, हे मला तुमच्यानंतर दिसायला लागलं. आता मी टायपिंग थांबवते आणि त्यांचं होऊ देते. रांग लांबते. लांबू दे.

त्याच संध्याकाळी आजीला बोलावणं धाडलं. कापूस वेचून वेचून तिच्या अंगठ्याच्या रेषा झिजल्या आहेत, यंत्र घेत नाही. तिनं अंगठा पदराला पुसला, दाबला, नाही. पुन्हा, नाही. तुम्ही तेव्हा निघायच्या तयारीत होता, गाडीची किल्ली हातात. पण थांबलात. “दुसरं बोट पाहू, आजी.” चौथ्या खेपेला हिरवं झालं, तेव्हाच तुम्ही पायरी उतरलात.

पैसे घेतले नाहीत. उलट सासऱ्याच्या कामाचे जेवढे होत होते तेवढे मोजून टेबलावर ठेवलेत. मी नको म्हटलं तर म्हणालात, “तुमचं काम तुम्ही केलं ना?”

संक्रांतीला ताईंना घेऊन याल तेव्हा केंद्रावर चहा घ्यायचा आहे. एक खुर्ची आणून ठेवली आहे, माझ्या खुर्चीच्या शेजारी. कट्टा गेला बाजारात.

तुमची,
सेतूवाली ताई