काकू, आता आभार ऐकूनच घ्या

ती. काकू,
सा. न.

समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही "चहा टाकू का?" म्हणून विषय बदलता. म्हणून हे जाहीर पत्र.

नौपाड्यातल्या आमच्या महिला मंडळात ललिता पवारांवर बोलायचं मी कबूल केलं, तेव्हा माझ्याकडे सगळ्यांकडे असतो तोच ऐवज होता: 'रामायण' मालिकेतली मंथरा, छळणारी सासू आणि ती थप्पड. १९४२ साली चित्रीकरणात भगवानदादांचा हात जोरात बसला, चेहऱ्याला लकवा झाला, डावा डोळा कायमचा अधू झाला. गोष्ट खरी, शिवाय ऐकणाऱ्यांना हमखास हळहळायला लावणारी. पण तुम्ही गडकरी रंगायतनच्या विंगेत नटनट्यांचे अंबाडे घालण्यात हयात घालवलेली. तुम्ही एवढंच विचारलंत, "बाईंनी काम काय केलं ते कधी सांगणार?"

मग तुमच्या दिवाणखान्यात शिकवणी सुरू झाली. १९२८ मध्ये ललिताबाई मूकपटांत आल्या, तेव्हा परकरी पोर होत्या. पुढे नायिका झाल्या, निर्मितीतही उतरल्या. आणि थप्पडेनंतर संपल्या म्हणावं, तर १९४४ च्या 'रामशास्त्री'त 'ध'चा 'मा' करणारी आनंदीबाई त्याच! हे मला ठाऊकच नव्हतं.

रिमोट तुमच्या हातात, त्यामुळे सिनेमा पुढे कमी आणि मागेच जास्त जायचा. "डोळ्याकडे बघू नकोस, सगळं जग तेच बघतं. पदर बघ." १९५५ साली 'श्री ४२०'मध्ये केळी विकणारी गंगामाई आणि त्याच वर्षी 'मिस्टर अँड मिसेस ५५'मधली पुढारी सीतादेवी. एकीचा पदर कामाला जुंपलेला, दुसरीचा जणू ठराव मांडतोय. तुम्ही दोन्ही दृश्यं पाठोपाठ लावलीत, तेव्हा मला ते दिसलं. एरवी जन्मात दिसलं नसतं. 'प्रोफेसर'मध्ये तीच करडी बाई म्हाताऱ्या मास्तरावर भाळून नटायला लागते, तिथे आपण दोघी किती हसलो!

'अनाडी'ला मात्र तुम्ही रिमोट खाली ठेवलात. तोंडानं फटकळ, पण भाडेकरू पोराला पोटच्या मुलासारखं जपणारी मिसेस डिसा. औषध म्हणून घेतलेल्या विषानं ती जाते, तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत, मीही नाही. १९५९ च्या त्या भूमिकेला सहाय्यक अभिनेत्रीचं फिल्मफेअर मिळालं. नायक-नायिकेपेक्षा मला हीच लक्षात राहिली. सहाय्यक वगैरे पुरस्कारवाल्यांनी म्हणावं.

भाषण बरं झालं म्हणतात. थप्पड मी मध्ये दोन वाक्यांत उरकली, तर पुढच्या रांगेत चुळबुळ झाली. एका आजींनी नंतर गाठलंच: "ते नीट सांगितलं नाहीस गं." मी त्यांना आनंदीबाई सांगितली. त्यांनी तो सिनेमा लहानपणी थिएटरात पाहिला होता. मग त्याच बोलत राहिल्या आणि मी ऐकत.

अंबाड्याच्या पिना लावून ठेवलेल्या तुमच्या टिपणवहीतली पानं मी झेरॉक्स करून घेतलीत. वही रविवारी आणून देते. आणि हो, रागावू नका, पण पुढच्या महिन्यात मंडळात रंगभूमीवरच्या केशभूषेवर बोलायला मी परस्पर तुमचं नाव देऊन टाकलंय. फलकावर लागलंसुद्धा. चहा मी आणीन.

तुमची,
वरच्या मजल्यावरची