मातीची चव की मातीतले पाणी?

संपादक महोदय,

वाइनविषयीच्या लेखनात ‘इथल्या चुनखडीची चव पेल्यात उतरते’ असे वाक्य हमखास येते. वाचायला छान, पण तसे घडत नाही. मुळे जमिनीतून जी खनिजे उचलतात, ती वाइनमध्ये जिभेला कळण्याइतकी नसतात. त्यातल्या त्यात पोटॅशियमचा परिणाम जाणवतो, पण तो तापदायक. ते जास्त झाले की द्राक्षातले मुख्य आम्ल, टार्टारिक, क्षार होऊन तळाशी बसते आणि पीएच चढतो, म्हणजे आंबटपणा उतरतो. पीएच ३.२ असताना लिटरला २० मिलिग्रॅम मुक्त सल्फर डायऑक्साइडने (वाइन टिकवण्यासाठी घालतात ते) जेवढे संरक्षण मिळते, तेवढ्यासाठी ३.८ ला ८० च्या आसपास लागते. तेवढे घातले नाही तर जिवाणूंचे फावते.

माती काम करते ती मुख्यतः पाण्याच्या आणि उष्णतेच्या मार्गाने. फ्रान्समधल्या बोर्दोत नदीच्या डाव्या तीरावर गोटे आणि वाळू. पाणी झटकन निचरते, जमीन लवकर तापते, म्हणून उशिरा पिकणारे काबर्ने सोव्हिन्यों हे द्राक्ष तिथे साधते. उजव्या तीरावरची चिकणमाती थंड आणि ओल धरणारी, तिथे लवकर पिकणाऱ्या मर्लोचे राज्य. मण्यात पाणी उतरण्याच्या, म्हणजे तो मऊ पडून पिकू लागण्याच्या, सुमारास वेलीला पाण्याचा थोडा ताण बसून शेंड्याची वाढ थांबली, तर मणी लहान राहतो, रसाच्या मानाने साल वाढते आणि रंग आणि तुरटपणा देणारे टॅनिन दाट येतात. ताण अति झाला की पाने गळतात आणि साखर भरणेच थांबते.

साखर आणि आम्लाचा हिशेब मात्र हवामान मांडते. लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखरेतून एक टक्का अल्कोहोल होते. रात्री उबदार असतील तर मॅलिक हे द्राक्षातले दुसरे आम्ल वेलच जाळून टाकते. जर्मनीतल्या ५० अक्षांशाजवळच्या मोझेल खोऱ्यात ते टिकते, म्हणून तिथल्या रीस्लिंग द्राक्षाच्या हलक्या वाइनचे आंबवणे आठ टक्के अल्कोहोलच्या आसपास थंड करून थांबवतात आणि उरलेल्या साखरेने आंबटपणा तोलतात. अर्जेंटिनातल्या मेंदोसात हेच थंडपण उंचीवरून मिळवतात: दर १०० मीटरला सुमारे ०.६ अंश.

वाइन मुरवणाऱ्या तळघराचा वाटा किती, हे पाहायचे तर शेरी या वाइनचे गाव, स्पेनमधले हेरेथ पाहावे. पांढरी चुनखडीची जमीन, कोरड्या शेरीचे मुख्य द्राक्ष पालोमिनो. काढणीनंतर ओळींमध्ये चर खणून हिवाळी पाऊस अडवतात. उन्हाळ्यात वरचा थर कडक होऊन खालची ओल धरून ठेवतो, तिच्यावर वेल तगते. (अशा जमिनीत चुना सोसणारा खुंट, म्हणजे कलमाखालचे मूळझाड, नसेल तर लोह मिळत नाही आणि शिरा हिरव्या राहून पाने पिवळी पडतात.) पहिल्या दाबाच्या हलक्या रसाची वाइन मद्यार्क घालून १५ टक्के अल्कोहोलपर्यंत चढवून ६०० लिटरच्या पिंपात सुमारे ५०० लिटर भरतात. मोकळ्या जागेत यीस्टची साय धरते. ती हवा अडवते, वाइनला गुळगुळीतपणा देणारे ग्लिसरॉल खाते, अ‍ॅसिटाल्डिहाइड हे उग्र वासाचे द्रव्य सोडते. ही फिनो: फिकट, कोरडी, बदामाच्या वासाची. नंतरच्या दाबाचा जाडसर रस १७ टक्क्यांपर्यंत नेला की साय जगत नाही. हवा लागून वाइन तपकिरी आणि भरदार होते, अक्रोडाचा वास येतो. ती ओलोरोसो. तळघर तापले किंवा कोरडे पडले तर फिनोचीही साय विरळ होते. म्हणून समुद्राकडून येणाऱ्या दमट वाऱ्यासाठी उंच खिडक्या ठेवतात आणि जमिनीवर पाणी शिंपडतात.

जमीन तीच, द्राक्ष तेच. पेल्यात मात्र दोन टोके. तेव्हा यापुढे ‘खडूची चव’ लिहिण्यापूर्वी लेखकांनी पिंपात साय होती की नव्हती, एवढे तरी विचारून घ्यावे.

– द्राक्ष आणि वाइनचे एक अभ्यासक