मीटर काढले, पण जमिनीखालच्या केबलचे काय?

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जळगाव, धुळे, अमळनेर या शहरांत जुने वाडे, चाळी आणि बंद पडलेल्या कारखान्यांच्या शेड पाडून नवी बांधकामे होत आहेत. मीटर काढून नेले की विजेचा विषय संपला, असे मालक आणि पाडकामाचा ठेकेदार दोघेही धरून चालतात. हा समज धोकादायक आहे. मीटर गेल्याने बिल थांबते. खांबावरून किंवा फीडर पिलरमधून (रस्त्याकडेच्या वीजवाटपाच्या पेटीतून) जमिनीखाली आलेली सर्व्हिस केबल तिकडच्या टोकाला सोडवली नसेल, तर मीटरच्या जागेपर्यंत तिच्यात वीज असतेच.

जुन्या आवारांत गुंता याहून मोठा असतो. वाड्याचे हिस्से होताना मागच्या खोल्यांना पुढच्या भावाच्या मीटरवरून वायर गेलेली असते, बोअरच्या मोटारीची केबल वेगळी असते, आणि यातली एखादी शेजारच्या चालू जोडणीवरून आलेली आहे हे पाडणाऱ्याच्या गावीही नसते. भारतीय मानक १२५५ प्रमाणे कमी दाबाची केबल ७५ सेंटीमीटर आणि ११ हजार व्होल्टपर्यंतची ९० सेंटीमीटर खोल असावी. पण नंतर कुठे भराव पडतो, कुठे माती उकरली जाते, आणि तापीकाठची काळी जमीन पावसाळ्यात फुगून उन्हाळ्यात भेगाळते तेव्हा केबलच्या जोडांवर ताण येतो तो निराळाच. त्यामुळे कागदावरच्या खोलीवर भिस्त ठेवून जेसीबीचे बकेट लावणे हा निव्वळ जुगार आहे.

कारखान्यांच्या आवारात उच्चदाबाच्या, कागदी इन्सुलेशनच्या आणि शिशाच्या आवरणाच्या जुन्या केबलही सापडू शकतात. अशी लांब केबल दोन्ही टोकांना सोडवली तरी तिच्यात विद्युतभार साठून राहू शकतो, आणि शेजारून चालू केबल जात असल्यास बंद केबलमध्येही दाब निर्माण होतो. म्हणून जाणकार तंत्रज्ञ आधी चाचणी घेतो, मग केबलचे अर्थिंग करतो, म्हणजे ती जमिनीशी जोडून साठलेला भार उतरवतो, आणि लांबून चालणाऱ्या उपकरणाने ती भेदून तिच्यात वीज नसल्याची खात्री पटल्याशिवाय तिला करवत लावत नाही. आपल्याकडे मात्र केबल वर आली की तांब्यासाठी ती तिथेच जाळतात. पीव्हीसीच्या विषारी धुरात आणि शिशाच्या वाफेत उभा असतो तो रोजंदारीवरचा मजूर.

इमारती पाडण्याच्या सुरक्षिततेचे भारतीय मानक ४१३० आहे आणि पाडकामापूर्वी वीजपुरवठा तोडण्याची अपेक्षा त्यात आहेच. खोदाईची आगाऊ सूचना देण्यासाठी २०२३ पासून ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲपही आहे, पण मालकाने स्वतःच्या आवारात टाकलेली केबल त्यात कशी कळणार?

माझी सूचना महापालिका आणि नगरपालिकांना आहे. पाडकामाची परवानगी देताना, केबल पुरवठ्याच्या टोकाला सोडवल्याचा वीज कंपनीचा लेखी दाखला आणि केबल शोधक यंत्राने आवार तपासून जमिनीवर खुणा केल्याचा परवानाधारक वीज ठेकेदाराचा अहवाल मागावा. जी केबल काढणे शक्य नाही, तिची टोके बंद करून तिची जागा दाखवणारा नकाशा परवानगीच्या फाइलला जोडावा, म्हणजे पुढे पाया खोदणाऱ्याला तो मिळेल. यंत्र भाड्याने आणून तपासणी करण्याचा खर्च एकूण बांधकामाच्या मानाने किरकोळ असल्याने, खर्चाची सबब मला तरी पटत नाही.

आपला विश्वासू,
एक परवानाधारक वीज ठेकेदार, धुळे