हातची दहा, उसनी तीन

ताई,

हे पत्र बघून तुम्ही हसाल. ‘एवढं काय केलं मी?’ म्हणाल आणि परत अंगणवाडीतल्या पोरांची वजनं घ्यायला, नाहीतर मोबाइलमधली ती न संपणारी माहिती भरायला बसाल. तुम्ही काय केलंत ते तुम्हाला आठवतही नसेल. मला मात्र तो दिवस आठवला की अजून घशात काहीतरी अडकतं.

गेल्या वर्षी जानेवारीत आईच्या खुब्याचं हाड मोडलं आणि मी लेकाला घेऊन पालघर जिल्ह्यातल्या घोलवडजवळच्या माहेरी आले. शहरातल्या शाळेतून त्याला मधेच काढलं याचं वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगते, सुटल्यासारखं झालं. पाच वर्षंही पूर्ण न झालेल्या पोराच्या वहीत एक ते शंभर, परत एक ते शंभर, आणि त्यावर लाल फुल्या. शाळेत ‘ट्वेंटी वन’, घरी आजीचं ‘एकवीस’. एकवीस म्हणताना एक आधी ऐकू येतो, म्हणून तो एक आधी लिहायचा, १२. यात त्याचं डोकं चाललंय हे तिथे कुणाला दिसलं नाही. पालकसभेत ऐकवलं गेलं, “गणितात मागे आहे, शिकवणी लावा.” बोटांवर मोजायला बंदी. मोजताना दिसला की हात मागे बांधून उभं राहायचं.

आणि ताई, नुसतं शाळेला बोलून मला मोकळं होता येत नाही. घरी अभ्यास घेताना मीही त्याच्या मुठी दाबून धरल्या आहेत. “मनातल्या मनात मोज” म्हणून. मन म्हणजे काय ते त्याला तरी कुठे माहीत होतं! पुढे पुढे कुणी ‘किती?’ एवढं जरी विचारलं तरी त्याचे हात आपोआप पाठीमागे जायचे.

तुमच्या अंगणवाडीत त्याला आणलं ते निव्वळ माझी दुपार मोकळी व्हावी म्हणून. तुम्ही म्हणालात, “बसू दे, एक ताटली वाढवू.” बस्स. कागद नाही, ‘याला काय काय येतं’ नाही.

पहिला आठवडाभर मला वाटत होतं, इथे शिकवत काहीच नाहीत. दारातल्या चपला जोडीने लावायच्या. सगळ्यात छोटी या टोकाला, तुमची त्या टोकाला. एक चप्पल उरली की तिची जोडीदार शोधायची. घागर पेल्याने भरायची आणि किती पेले झाले ते सांगायचं, मग मोठ्या टमरेलाने भरायची. आमचा शहाणा म्हणाला, “टमरेलाने जास्त लागणार, ते मोठं आहे.” तुम्ही चूक-बरोबर काही बोलला नाहीत, टमरेल त्याच्या हातात दिलंत. भरता भरता तो मधेच थांबला, घागरीत वाकून बघितलं, आणि त्याचा चेहरा असा झाला की कुणीतरी त्याला फसवलंय!

चिकूचा खेळ तर मी माझ्या मैत्रिणींना शंभरदा सांगितलाय. आमच्याकडे चिकूला तोटा नाही, तुम्हाला कुणी ना कुणी टोपलीभर आणून देणारच. कापण्याआधी प्रत्येकाने सांगायचं, आत बिया किती. पहिल्या दिवशी लेकाने छातीठोकपणे “पन्नास!” सांगितलं. निघाल्या तीन. चार दिवसांत तो “तीन नाहीतर चार” वर आला. मग एक चिकू निघाला बिनबियांचा. सगळी पोरं गप्प. तुम्ही विचारलंत, “आता किती म्हणायच्या?” कुणीतरी म्हणालं, “नाहीत.” “नाहीत याला आकडा आहे का?” वहीत शंभर वेळा शून्य काढलेल्या माझ्या पोराला शून्य तिथे भेटलं.

त्याच बियांनी तुम्ही एकोणीसही सोडवलात. वीस बिया मांडल्या, एक उचलून मुठीत घेतली. विसाला एक उणा, एकोणीस. मी मराठी माध्यमात शिकले, पण त्या नावातच वजाबाकी आहे हे मला पस्तिसाव्या वर्षी तुमच्या ओट्यावर कळलं.

आई म्हणते, यात नवल काय, ही हवाच त्याची आहे. १९४५ मध्ये इथेच बोर्डीला ताराबाई मोडकांनी खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं, जोडीला अनुताई वाघ. पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मूल शाळेत येत नाही ना, मग शाळाच त्याच्या अंगणात नेऊ, असं म्हणणाऱ्या त्या बाया. पानं, काड्या, शिंपले, बिया हीच त्यांची साधनं. ते सगळं खरंच. पण थोरामोठ्यांच्या पुण्याईवर तुमचं श्रेय मी घालवणार नाही.

कारण त्या दिवशी तिथे तुम्ही होतात. मी आईची औषधं घेऊन त्याला न्यायला आले होते. तुम्ही तांदूळ निवडत होतात. त्याला म्हणालात, “जा, जेवढी पोरं तेवढ्या ताटल्या आण.” त्याने मोजायला सुरुवात केली, हळूच, एकेक बोट उघडत. दहा झाले. बोटं संपली, पोरं उरली. मला त्याचे हात मागे जाताना दिसले.

तुम्ही मान वर केली नाहीत. उजवा हात सुपातच. डावा पदराला पुसलात आणि पंजा त्याच्यासमोर पसरलात. “ही घे उसनी. झालं की परत दे.”

तो थोडा वेळ बघत राहिला. मग त्याने तुमचं करंगळीचं बोट धरलं. “अकरा.” पुढचं. “बारा.” “तेरा.” मग गंभीरपणे म्हणाला, “तुमची दोन उरली.” आणि वापरलेली तिन्ही बोटं एकेक करून मिटून तुमची तुम्हाला परत केली. तेरा ताटल्या घेऊन आला. मी चपलांपाशीच उभी राहिले, पुढे पाऊल टाकवेना.

तुम्ही ‘शाब्बास’सुद्धा म्हणाला नाहीत, ताई. ते न म्हणणं मला फार मोठं वाटलं. भल्या माणसांचं असंच असतं की काय कोण जाणे. परवा एसटीत कंडक्टरकडे सुटे नव्हते. तिकिटामागे बाकी लिहून दिली, आणि मी उतरायच्या आधीच्या थांब्याला, मी विसरले असताना, स्वतः येऊन पैसे हातात ठेवून गेला. आभार ऐकायलाही थांबला नाही. तुमच्यासारख्या अंगणवाडीताईंच्या कामाला मात्र आपण ‘मानधन’ देतो, पगार नाही. मान किती आणि धन किती, हा हिशेब एकदा तुमच्या पोरांकडूनच करून घ्यायला हवा.

आता तो पहिलीत आहे, नव्या शाळेत. बेरीज करताना हातचा धरायला शिकलाय. हातचा म्हणजे काय, असं त्याच्या बाईंनी वर्गात विचारलं तर म्हणाला, “स्वतःच्या हातात मावला नाही की दुसऱ्याकडे द्यायचा तो.” बाई हसल्या, आणि बरोबर आहे म्हणाल्या. ही शाळा बरी दिसते.

सोबत एक डबा पाठवतेय. माझे सासरे शिंपी होते, त्यांची जमवलेली बटणं आहेत. दोन भोकांची, चार भोकांची, कोटाची, झबल्याची, काही नुसतीच सुंदर. अगदी लहानग्यांच्या हाती देऊ नका, तोंडात घालतात. लेक विचारत होता, मोजून पाठवूया का. मी नको म्हटलं.

तुमची,
तेराव्या ताटलीवाल्याची आई