दिवाणजी, एक्का-राजा टाकला!

आदरणीय दिवाणजी,
सा. न.

तोंडावर आभार मानायला गेलो तर तुम्ही "बास कर, च्या सांग" म्हणून विषय मोडणार. म्हणून हे असं चारचौघांत लिहितोय. पुण्यात नात तुम्हाला मोबाईलवर वाचून दाखवेलच. तिला सांगा, आकडे सावकाश वाच, आजोबा मध्येच थांबवून पडताळा घेणार.

आधी बाकीच्यांसाठी थोडं. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात माझं दोन लेथचं छोटं वर्कशॉप आहे. सुट्टीच्या आदल्या रात्री वरच्या खोलीत आम्ही आठ जण पोकर खेळतो. पैसा नाही, एक रुपयासुद्धा नाही. प्लास्टिकच्या चिप्स, प्रत्येकी 24,000 आणि भिंतीवर वर्षभराचा गुणतक्ता. पहिल्याला 50 गुण, दुसऱ्याला 30, तिसऱ्याला 20, बाकीच्यांना भोपळा. पैसे लावून ऑनलाइन खेळायचं तर ऑगस्ट 2025 च्या कायद्यानं बंदच झालं. खरं सांगायचं तर आमच्यातल्या दोघांची त्यानं घरं वाचली, पण तो विषय वेगळा. तक्त्यावर खाली नाव असलं की आठवडाभर चहाच्या गाड्यावर जी चेष्टा होते, तिच्यापुढं पैसा काय!

दिवाणजी म्हणजे मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर आयुष्य काढलेला माणूस. मोटारीचा शाफ्ट टर्निंग करून न्यायला आले आणि चहासाठी वर बसले, एवढीच सुरुवात. पत्त्यांना हात लावला नाही. कोपऱ्यात पेपर घेऊन बसायचे, पण तीन आठवडे पेपरचं पान काही उलटलेलं मी पाहिलं नाही.

त्या तीन आठवड्यांत माझं काय चाललं होतं, ते तुम्ही बघितलंच. पहिले दोन तास मी शहाण्यासारखा खेळायचो. माणसं गळत चार-पाच उरली, ब्लाइंड (पानं बघायच्या आधीच दोघांनी पाळीपाळीनं घालायच्या सक्तीच्या चिप्स) 2,000-4,000 वर गेले की आमच्यातलं इंजिनियर पोरगं सुटायचं. दर हाताला, म्हणजे दर डावाला, रेझ (बोली वाढवणं). मी जरा तोंड उघडलं की सगळा ढीग कोपरानं पुढं ढकलून ऑल-इन. मी पत्ते टाकायचो, टाकायचो, टाकायचो, मग एकदा भडका उडाला की एक्का-नव्वीवर कॉल (त्याच्याइतक्या चिप्स घालून सामना), सगळं घालवायचं आणि खाली चहा करायला. तिन्ही आठवडे चौथा नंबर. बबल म्हणतात त्याला. गुणांच्या उंबऱ्यावर आपटायचं.

चौथ्या आठवड्यात जिना उतरताना तुम्ही विचारलंत, "त्यो पोरगा कशावर ढकलालाय, म्हाइत हाय का तुला?"

मी म्हटलं, "काहीही पानं घेऊन ढकलतो."

"पानं सोड. टेबलावर आधीच पडलंय किती, ते सांग."

मग पायरीवरच गुळाच्या जुन्या हिशोबपट्टीच्या पाठीवर पेन्सिल चालली. स्मॉल ब्लाइंड 2,000, बिग ब्लाइंड 4,000, वर बिग ब्लाइंडवाल्यानंच घालायची अँटी 4,000. कुणी पान बघायच्या आधीच 10,000 मध्ये. पोरगं रेझ करतं 9,000 चा. दोनदा रेझ मारला, त्यात एकदा फसला, एकदा सगळ्यांनी पत्ते टाकले, तरी 1,000 त्याच्या पदरात. पानं न बघताच! आणि मी बसलो गप्प तर? चौघांत चार हाताला एक फेरी, फेरीला 10,000 जाणार. 48,000 घेऊन बसलेल्या माणसाला पाच फेऱ्याही नाहीत. तुम्ही म्हणालात, "सौद्यात वरडणाऱ्याचा आवाज ऐकायचा न्हाई. त्येच्या गाळ्यात माल किती पडलाय आन् त्येला घाई कशाची हाय, ते बघायचं." इतकी वर्षं मी त्या पोराच्या चेहऱ्याकडं बघत होतो. चिप्स मोजायच्या असतात हे डोक्यातच नव्हतं.

पण दिवाणजी, ज्याच्यासाठी हे पत्र लिहितोय ते पुढचं. तुम्ही विचारलंत, "समजा सगळ्या चिप्सा तुझ्याकडं आल्या. गुण किती?"

"पन्नास."

"शंभर का न्हाईत? सगळा माल तुझाच की."

मला उत्तर सुचेना. बाकीचे 50 दुसऱ्या-तिसऱ्याला जाणारच. म्हणजे जसजशा चिप्स वाढतात, तसतशी पुढच्या प्रत्येक चिपची किंमत उतरत जाते. तुम्ही चौघांना सारखे 48,000 देऊन हिशोब मांडलात. 100 गुण, चौघांत प्रत्येकी 25. आता ऑल-इन झालं आणि मी जिंकलो. निम्म्या चिप्स माझ्या. पहिला यायची शक्यता निम्मी, म्हणजे 25 गुण. दुसरा यायची एक तृतीयांश, 10 गुण. तिसरा यायची एक षष्ठांश, तीन आणि थोडे. बेरीज साधारण 38. चिप्स दुप्पट झाल्या, गुण दीडपटच! आणि हरलो तर 25 च्या 25 गेले. 38 साठी 25 पणाला लावायचे, तर 65 टक्के जिंकायला पाहिजे. ब्लाइंड-अँटी आपलीच आत असेल तर ते 58 पर्यंत खाली येतं. माझी लाडकी एक्का-नव्वी? समोरचा अगदी डोळे झाकून काहीही ढकलत असला तरी ती 60-61 टक्केच जिंकते. आणि तो थोडा जरी निवडून ढकलत असेल तर मी खड्ड्यात. तीन आठवडे मी काय करत होतो, ते त्या पट्टीवर लिहिलेलं होतं.

नंतर कळलं, या हिशोबाला आयसीएम (इंडिपेंडंट चिप मॉडेल) म्हणतात. मूळ सूत्र डेव्हिड हार्व्हिल यांनी 1973 मध्ये मांडलं, शर्यतीत घोडे कितव्या क्रमांकावर येतील त्यासाठी. 1987 मध्ये मेसन माल्मुथ यांनी तीच रीत स्वतंत्रपणे शोधून पोकरला लावली. तुम्हाला सांगितलं तर म्हणालात, "आसंल. आमच्याकडं च्याची येळ झाली म्हणून थांबलो."

पुढचे दोन महिने तुम्ही माझ्याकडून एकच गोष्ट घोटून घेतलीत. कॉल करणारा व्हायचं नाही, ढकलणारा व्हायचं. आधी ढकललं की दोन वाटांनी जिंकता येतं, समोरचे पत्ते टाकतात किंवा आपली पानं चालतात. कॉल करणाऱ्याला एकच वाट. आणि रेझवर उलटं ऑल-इन जायचं तर ते 60,000 असताना, 24,000 होईपर्यंत थांबायचं नाही. कारण मी बिग ब्लाइंडवर असलो आणि अँटी भरून माझ्याकडं ब्लाइंडसकट 24,000 च असतील तर त्याला फक्त 15,000 घालायचे असतात आणि समोर 39,000 दिसतात. तो सत्ती-दुर्रीवर पण कॉल करणार. 60,000 असले की त्याला 51,000 घालावे लागतात, तिथं त्याचा हात थांबतो. आपल्याकडं दुखवण्याइतकं असेल तेव्हाच उलटून जायचं. मी मात्र मरायला टेकल्यावर वाघ व्हायचो.

आता परवाच्या रात्रीचं. तुम्ही पुण्याला गेल्यावरचा हा दुसरा आठवडा.

चौघे उरलो. पोरगं 90,000, मी 52,000, पोराच्या उजवीकडं शेजारचा दुकानदार 44,000 आणि माझ्या डावीकडं आमचा फौंड्रीवाला, त्याच्याकडं फक्त 6,000. मी बिग ब्लाइंड, पोरगं स्मॉल ब्लाइंड. दोघांनी पत्ते टाकले. पोरानं नेहमीसारखा कोपरानं ढीग ढकलला. काही चिप्स घरंगळत माझ्या ताटलीत आल्या, शेंगदाण्यांत. मी पत्त्यांचे कोपरे उचलले. इस्पिकचा एक्का, बदामचा राजा.

दिवाणजी, हात कॉलकडं निघाला होता. पूर्वी मी दोन सेकंद घेतले नसते. पण खिशात ती पट्टी होती. काढली नाही, नुसता वरून हात ठेवला. फौंड्रीवाल्याकडं 6,000. पुढच्याच हाताला बिग ब्लाइंड त्याच्यावर, म्हणजे त्याचे सगळे आपोआप आत. तो गेला की मला बसल्याजागी 20 गुण नक्की. आणि आत्ता मी हरलो तर 6,000 वाला माझ्या डोक्यावर पाय ठेवून वर जाणार. दुसऱ्या दिवशी पोराच्याच लॅपटॉपवर मांडून बघितलं, त्या जागी कॉल करायला 74 टक्के लागत होते. एक्का-राजा वेगवेगळ्या रंगाचे असले की कुठल्याही दोन पानांवर 65 टक्के जिंकतात. दश्श्यांची जोडी असती तर 75, मग गोष्ट वेगळी.

टाकले. पत्ते उलटे टाकायचे ते माझ्या मूर्खपणानं सुलटे पडले.

सगळी खोली हसली. पोरानं आपली पानं दाखवली, सत्ती-तिर्री. दुकानदार म्हणाला, "आरं लेका, लुगडं नेसून ये पुढच्या वेळंला." (त्याला दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोनं काय सुनावलं ते इथं लिहीत नाही.) कान तापले होते माझे, पण भडका काही उडाला नाही. पुढच्या हाताला फौंड्रीवाला गेला.

तिघं उरल्यावर मी दोनदा पोराच्या रेझवर उलटून ऑल-इन गेलो, दोन्ही वेळा त्यानं पत्ते टाकले. एकदा माझ्याकडं गुलाम-नव्वी होती, ते त्याला अजून माहीत नाही. आता झालं. दुकानदार तिसरा. शेवटी पोरगं आणि मी. दोघंच उरले की चिप आणि गुण यांचा हिशोब सरळ होतो, तिथं भ्यायचं कारण नाही. मी एक्का-नव्वीवर कॉल केला, त्याच्याकडं राणी-दश्शी, शेवटच्या पानाला राणी. मी दुसरा. 30 गुण.

तो कॉल मात्र बरोबर होता. पेन्सिलीनं तपासलाय.

तुमचे आभार कसे मानू कळत नाही. लेथवर कधी जॉब रिजेक्ट झाला की पूर्वी मी घाईत दुसरा पीस बिघडवायचो. परवा मशीन बंद केली आणि आधी मोजमाप घेतलं, तेवढ्यात तुमची आठवण झाली. ती पट्टी आता प्लास्टिकच्या पिशवीत घालून तक्त्याशेजारी लावलीय. पोरगं रोज येऊन वाचतंय, हा एक तोटा झालाय.

म्हणून एक शंका. त्या रात्री माझ्याकडं एक्का-राजा एकाच रंगाचे असते तर 67 टक्के होतात. ते 74 च्या खालीच, म्हणजे टाकायचे. पण फौंड्रीवाल्याकडं 6,000 ऐवजी 20,000 असते तर? मी दोनदा मांडलं, दोन्ही वेळा उत्तर वेगळं आलं. दिवाळीला कोल्हापूरला याल तेव्हा पेन्सिल घेऊन या. चहा माझ्याकडं लागला.

तुमचा,
उद्यमनगरातला शिष्य